रत्नागिरी शहराची लोकसंख्या : कोणाची आणि कोणत्या महिन्यातली?

मांडवीकर

फेब्रुवारी 2027 मध्ये देशाची जनगणना होणार आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे रत्नागिरीच्या लोकसंख्येविषयी आज जे काही लिहिले-बोलले जाते त्याचा आधार अजूनही 2011 चे आकडे आहेत. नव्या आकड्यांवर पुढची किमान दहा वर्षे आपल्या शहराचे पाणी, रस्ते, प्रभाग आणि अनुदाने ठरणार असल्याने, गणना सुरू होण्याआधी या विषयावर नीट चर्चा व्हावी असे मला मनापासून वाटते.

2011 मध्ये नगरपालिका हद्दीत सुमारे 76 हजार माणसे मोजली गेली. 2001 मध्ये ती सुमारे 70 हजार होती. त्याच दशकात जिल्ह्याची लोकसंख्या मात्र 16,96,777 वरून 16,15,069 वर आली, म्हणजे जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रात त्या दशकात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच होते : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. मुंबईतली घट जवळच्या उपनगरांत भरून निघाली. आपली घट कुठे गेली हे सांगायला नको, कारण या जिल्ह्यात क्वचितच असे घर सापडेल की ज्याची एक खोली मुंबई, ठाणे, विरार किंवा डोंबिवलीत नाही.

हे स्थलांतर जुने आहे. गिरणगावाच्या भरभराटीच्या काळात, 1911 च्या सुमारास, मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत होता; तो 1981 मध्ये वेगळा झाला. बाप्ये मुंबईला आणि बायका-मुले-म्हातारी गावाला, महिन्याकाठी येणारी मनीऑर्डर आणि गणपती-शिमग्याला येणारा चाकरमानी, अशा रचनेवर इथली गावे शतकभर चालली. 2011 मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या आणि राज्याची सरासरी 929 होती. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो, पण शून्य ते सहा वयोगटात हेच प्रमाण 940 च्या आसपास आहे. मुली जास्त जन्माला येतात म्हणून इथे स्त्रिया जास्त आहेत असे मुळीच नाही. कर्ते पुरुष बाहेर आहेत आणि म्हाताऱ्या स्त्रिया म्हाताऱ्या पुरुषांपेक्षा जास्त जगतात, म्हणून त्या जास्त दिसतात. हा आकडा स्त्रियांच्या सन्मानाचा दाखला म्हणून भाषणात वापरला जातो तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण तो प्रत्यक्षात ताटातुटीचा दाखला आहे.

शहराचे चित्र जिल्ह्यापेक्षा वेगळे आहे. 1822 च्या सुमारास जिल्ह्याचे मुख्यालय बाणकोटहून इथे आले, 1876 मध्ये नगरपालिका झाली, आणि तेव्हापासून कचेरी, कोर्ट, शाळा आणि बंदर यांच्या ओढीने माणसे इथे येत राहिली. म्हणजे जिल्हा माणसे बाहेर पाठवतो आणि शहर माणसे आत घेते. आत येणारी ही माणसे कोण, ती वर्षातला किती काळ इथे असतात आणि ती मोजली जातात का, हा माझा प्रश्न आहे. माझे स्वतःचे मत असे की रत्नागिरीची लोकसंख्या एक नाही. ऑक्टोबरची वेगळी, फेब्रुवारीची वेगळी, मे महिन्याची वेगळी आणि गणपतीतली वेगळी आहे. जनगणना त्यांतल्या फक्त फेब्रुवारीच्या लोकसंख्येची होते.

सागरवेळा

मांडवीकर, विषय महत्त्वाचा आहे. मी मासेमारीच्या धंद्यातील घरातला असल्याने मिरकरवाड्यापुरते सांगतो.

मिरकरवाडा बंदरावर ज्या नौका लागतात त्यांच्यावरचा खलाशी आज बहुतांशी बाहेरचा आहे. तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, अजून पुष्कळदा स्थानिक असतो, पण जाळे ओढणारे हात नेपाळचे, कर्नाटकचे आणि उत्तरेकडचे आहेत. पर्ससीनच्या, म्हणजे मोठ्या वेढ्याच्या जाळ्याने मासे धरणाऱ्या, एका नौकेला पंचवीस-तीस माणसे लागतात, आणि इतकी स्थानिक माणसे आता या कामाला मिळत नाहीत. राज्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात ही माणसे गावी जातात आणि ऑगस्टच्या तोंडावर परततात. त्यातही 2016 च्या आदेशानुसार राज्याच्या सागरी हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा आहे. त्यामुळे खलाशांची सर्वांत मोठी गर्दी वर्षअखेरीला असते आणि जानेवारीपासून ती ओसरू लागते. फेब्रुवारीत जो गणना करायला येईल त्याला बंदराची भरती दिसणारच नाही.

जे उरतात तेही सगळे खोल्यांत राहत नाहीत. पुष्कळ जण नौकेवरच झोपतात, तिथेच शिजवतात आणि तिथेच जेवतात. अशा माणसांची नोंद कोणत्या घरक्रमांकाखाली होते, हे कोणी जाणकाराने सांगावे.

शाळेतल्या बाई

सागरवेळा यांच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण 2011 च्या गणनेत मी प्रगणक होते आणि माझ्याकडे आलेल्या गटात बंदराजवळची काही वस्ती होती.

नियम असा आहे की 9 ते 28 फेब्रुवारी या काळात माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथे त्याची नोंद करायची. जो या संपूर्ण काळात आपल्या नेहमीच्या घरापासून दूर आहे त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे करायची. ज्यांना घरच नाही त्यांची गणना 28 फेब्रुवारीच्या रात्री होते आणि मग 1 मार्च सुरू होतानाचा, म्हणजे मध्यरात्रीचा, हिशेब पक्का धरला जातो. कुटुंब ठरवण्याची कसोटी रक्ताचे नाते ही नसून एकत्र शिजणारे अन्न ही आहे. त्यामुळे नात्याने एकमेकांचे कोणी नसलेले, पण एकाच चुलीवर जेवणारे दहा खलाशी हे नियमाने एक कुटुंब ठरतात. नागरिक परदेशी असला तरी त्याची गणना होते. नेपाळी आहे म्हणून वगळायचे असे अजिबात नाही.

नियम स्वच्छ आहे, पण प्रत्यक्ष काम तितके सोपे नसते. एका चाळीत मी सकाळी गेले तर खोलीला कुलूप, दुपारी गेले तर दोघे झोपलेले, बाकीचे समुद्रावर. शेवटी तांडेलाने दारात उभे राहून नावे सांगितली. आडनावे त्याला ठाऊक नव्हती आणि वये त्याने अंदाजाने सांगितली. जन्मस्थान, आधीचे राहण्याचे ठिकाण, तिथून निघण्याचे कारण आणि इथे येऊन झालेली वर्षे हे स्थलांतराचे रकाने असतात. त्यांत कारण ‘काम’ हे सर्वांचे एकच होते, पण वर्षे विचारली तेव्हा तांडेल म्हणाला, “बाई, हे दरसाल येतात नि दरसाल जातात, मी काय सांगू?” त्या रकान्यात दरसाल येण्या-जाण्याला जागा नाही. जी माणसे तिथे होती त्यांची नोंद मी केली, परंतु ज्या खोल्या बंद होत्या त्यांत खरोखर कोणी राहत नव्हते का, याविषयी माझ्या मनात आजही शंका आहे.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने सांगते. स्थलांतर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खलाशी किंवा गवंडी येतो. पण मी भरलेल्या तक्त्यांत दुसरीकडे जन्मून इथे आलेल्यांत सर्वांत जास्त संख्या लग्न होऊन आलेल्या स्त्रियांची होती. लांजा, राजापूर, संगमेश्वर, देवगड, काही कोल्हापूरकडच्या. या शहराच्या घडणीत त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि त्यांना ‘बाहेरच्या’ असे कोणी म्हणत नाही.

नाचण्याचा रहिवासी

शहराची वाढ किरकोळ आहे, या समजुतीबद्दल मला लिहायचे आहे. रत्नागिरी वाढलेली आहे. फक्त ती नगरपालिकेच्या हद्दीत वाढलेली नाही.

साळवी स्टॉप ओलांडून पुढे आलात की नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, खेडशी आणि दुसऱ्या अंगाला शिरगाव या ग्रामपंचायती लागतात. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि स्टेशन शहरापासून दूर, कुवारबावच्या बाजूला झाले. त्यानंतर सड्यावरची, म्हणजे पठारावरची, कातळ-जमीन फोडून तिथे इमारती उभ्या राहिल्या. खाली जुन्या शहरात घर बांधायला जागा नाही आणि रस्ते अरुंद आहेत. त्यामुळे निवृत्त शिक्षक, बँकेतले नोकरदार, गावाकडची जमीन विकून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आलेली कुटुंबे, ही सगळी वर सड्यावर आली. ही माणसे बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला, कचेरीला रत्नागिरीत येतात. कोणी विचारले तर स्वतःला रत्नागिरीकर म्हणवतात. पण शहराच्या 76 हजारांत ती नाहीत.

याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. राज्याच्या कायद्यानुसार 40 हजारांच्या वर आणि एक लाखापर्यंत लोकसंख्या असलेली नगरपालिका ‘ब’ वर्गात येते आणि एक लाख ओलांडली की ‘अ’ वर्गात जाते. कर्मचारी, निधी, सदस्यसंख्या हे सारे त्यावर अवलंबून असते. सलग वस्ती एकत्र मोजली तर हे शहर कोणत्या वर्गात बसेल याचा विचार व्हायला हवा. आज आमच्या भागात कचऱ्याची गाडी आणि सांडपाण्याची गटारे ग्रामपंचायतीच्या ऐपतीवर चालतात, आणि वस्ती मात्र पूर्ण शहरी आहे.

कोतवडेकर

मी वेगळा मुद्दा मांडतो आणि तो कोणी चुकीच्या अर्थाने घेऊ नये. शहरातील धर्मवार प्रमाणाविषयी समाजमाध्यमांवर अधूनमधून भडक मजकूर फिरतो की अमुक समाज अचानक वाढला. मांडवीकर, या विषयावर आपण अभ्यासाने काही लिहावे अशी विनंती आहे.

मांडवीकर

कोतवडेकर, विचारलेत ते बरे झाले, कारण या प्रश्नाला इतिहासाशिवाय उत्तर नाही.

जिल्ह्यात मुस्लिमांचे प्रमाण बाराएक टक्के आहे आणि रत्नागिरी शहरात ते त्याहून बरेच अधिक आहे. ही गोष्ट आजची नाही आणि अचानक घडलेली तर नाहीच. कोकणी मुसलमान हा समाज बंदरांच्या काठाने वाढला. अरबी समुद्रातल्या व्यापारासाठी आलेले अरब दर्यावर्दी आणि इथली माणसे यांच्या शेकडो वर्षांच्या मिसळणीतून तो घडला. त्यामुळे जिथे बंदर आणि खाडी आहे तिथे त्याची वस्ती दाट आणि आतल्या डोंगराळ भागात विरळ, हे कोकण किनाऱ्यावर सर्वत्र दिसते. मिरकरवाडा, राजीवडा, कर्ला या वस्त्या काजळी नदीच्या मुखाला आणि समुद्राला लागून आहेत, कारण तिथल्या दालदी, म्हणजे मासेमारी करणाऱ्या मुस्लिम, कुटुंबांचे पोट पाण्यावर होते. शेजारीच खारवी आणि भंडारी वस्ती आहे, आणि तीही त्याच कारणाने.

शिवाय गेली पन्नास वर्षे या समाजातले तरुण आखातात जात आहेत. कुणबी आणि मराठा घरांतला मुलगा मुंबईला गेला, तसा राजीवड्याचा मुलगा कुवेत, दुबई, सौदीला गेला. त्याआधीच्या पिढ्यांतली काही कुटुंबे थेट दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेली आणि तिथे त्यांचे वंशज अजून ‘कोकणी’ म्हणूनच ओळखले जातात. म्हणजे बाहेर जाण्याच्या बाबतीत या शहरातले सगळे समाज सारखेच आहेत. फरक इतकाच की चाकरमानी सणाला येतो आणि आखातवाला दोन वर्षांनी सुटीवर येतो. भाषेच्या तक्त्यातही असाच घोटाळा होतो. घरात कोकणी बोली बोलणारे कुटुंब, मुलांची शाळा उर्दू माध्यमाची म्हणून, मातृभाषेच्या रकान्यात उर्दू सांगते, आणि मग एका तक्त्यावरून लोक निष्कर्ष काढतात की ही माणसे उत्तरेकडून आली.

बौद्धांचा आकडा वाचतानाही सावध राहावे लागते. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे, आणि 1956 नंतर इथल्या महार समाजाने फार मोठ्या प्रमाणावर धम्म स्वीकारला. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीची नोंद करता येते, तरी पुष्कळ कुटुंबे ‘आम्ही बौद्ध, जात सोडली’ या निष्ठेने जात सांगत नाहीत. 2011 मध्ये राज्यातल्या 65 लाखांहून अधिक बौद्धांपैकी सुमारे 52 लाखांची नोंद अनुसूचित जातीत झाली. उरलेल्या 13 लाखांच्या मागे काय आहे हे ओळखल्याशिवाय कोणत्याही शहरातले अनुसूचित जातींचे प्रमाण समजणार नाही. 2027 मध्ये सर्वांचीच जात विचारली जाणार आहे, 1931 नंतर प्रथमच. तेव्हा धर्म आणि जात या दोन वेगळ्या रकान्यांत काय सांगायचे, याची चर्चा वस्त्यावस्त्यांत आधीच झाली तर बरे.

थिबा राजाचा उल्लेख इथे अस्थानी ठरू नये. 1880 च्या दशकाच्या मध्याला ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी या शहरात आणून ठेवले आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. पुढे कुटुंब मायदेशी गेले, पण थोरली राजकन्या परत आली, इथल्या माणसाशी तिने संसार केला आणि तिचा वंश मराठी बोलणाऱ्या साध्या घरांत मिसळला. कोणत्याही तक्त्यात त्यांचा वेगळा रकाना नाही. ‘मूळचा रत्नागिरीकर कोण’ असा वाद होतो तेव्हा मला हे घर आठवते.

गोळपचा बागायतदार

नेपाळी माणसांविषयी वर लिहिले गेले त्यात आंब्याची बाजू आली नाही. पावस, गोळप, गणपतीपुळ्याच्या पट्ट्यातल्या बागांत राखणीला आज बहुतेक नेपाळी कुटुंबे आहेत. पावसाळा संपला की ती येतात. फवारणी, साफसफाई, माकडे हाकणे, मग उतरणी आणि पेट्या भरणे, हे सगळे करून पावसाच्या तोंडावर परत जातात. खलाशी एकटा येतो, राखणदार बायको-मुलांसकट येतो, हा मोठा फरक आहे. बागेतल्या खोपीत राहणाऱ्या या मुलांपैकी काही जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसतात, आणि पटसंख्या घटल्यामुळे बंद पडायला आलेल्या शाळेला त्यांच्यामुळे आधार मिळतो. आमच्या बाजूच्या शाळेत मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे : पहिलीतला नेपाळी मुलगा बालभारतीचे पान आमच्या मुलांपेक्षा स्वच्छ वाचत होता.

ही कुटुंबे फेब्रुवारीत इथेच असतात, त्यामुळे ती मोजली जायला हवीत. प्रगणक बागेच्या आतपर्यंत जाईल का, एवढाच प्रश्न आहे, कारण रस्त्यावरून खोप दिसत नाही.

परळचा चाकरमानी

मी चार दशके मुंबईत आहे, पण घर रत्नागिरीत आहे, घरपट्टी मी भरतो, गणपती माझ्या घरी येतो आणि मे महिना मी तिथेच काढतो. फेब्रुवारीत घराला कुलूप असते. मग मी रत्नागिरीच्या लोकसंख्येत नाही, हे मान्य करायला मन तयार होत नाही.

शाळेतल्या बाई

दादा, तुमच्या भावनेचा आदर राखून सांगते की गणनेच्या नियमात तुम्ही मुंबईकरच आहात. दोन्हीकडे नाव सांगितले तर एक माणूस दोनदा मोजला जाईल. मात्र तुमचे घर नोंदले जाते. गणनेच्या आधी घरयादी होते आणि तिच्यात रिकाम्या, कुलूपबंद घरांची वेगळी नोंद असते. जुन्या आळ्यांत अशी घरे ओळीने लागतात, आणि उघडी असतात त्यांतल्या कित्येकांत फक्त एक आजी किंवा आजी-आजोबा असतात. साठीच्या वरच्या माणसांचे प्रमाण आपल्या जिल्ह्यात राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच अधिक आहे. शहराला दवाखाना कसा हवा हे त्यावरून ठरायला हवे, आणि घरयादी व वयाचे तक्ते एकत्र वाचले तरच ते ठरवता येईल.

मांडवीकर

परळकर, आपला मुद्दा भावनेपुरता नाही. शहराला पाणी मुख्यतः शीळ धरणातून येते आणि ते सर्वांत कमी असते ते मे महिन्यात. नेमके तेव्हाच कुलपे उघडतात, पाहुणे येतात, पर्यटक येतात, बागांत आणि बाजारात आंब्याची वर्दळ असते. फेब्रुवारीच्या माणसांचा हिशेब धरून केलेली योजना मे महिन्यात तोकडी पडली तर त्यात आश्चर्य नाही. आपण लोकसंख्येत नसलात तरी पाण्याच्या हिशेबात असायलाच हवेत. तो हिशेब जनगणना करणार नाही. तो नगरपालिकेला नळजोडण्या, कचऱ्याचे वजन आणि वीजवापर महिन्यागणिक पाहून स्वतः करावा लागेल. ही माहिती तिच्या आणि वीज कंपनीच्या दप्तरी आजही आहे.

आत्तापर्यंतच्या चर्चेतून मला तीन गोष्टी नगरपालिकेकडे आणि तहसील कचेरीकडे लेखी द्याव्याशा वाटतात. बंदरावर आणि नौकांवर राहणाऱ्यांसाठी 28 फेब्रुवारीच्या रात्री वेगळे पथक असावे आणि त्यात नेपाळी किंवा हिंदी बोलणारा एक तरी माणूस असावा. बागायतदारांनी आपल्या बागेतल्या खोपींची यादी प्रगणकाला आधी द्यावी. आणि नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, खेडशी, शिरगाव यांचे आकडे शहराच्या आकड्यांशेजारी एकत्र मांडून प्रसिद्ध करावेत, हद्द बदलो अथवा न बदलो.

सागरवेळा

पहिल्या मुद्द्याला एक जोड द्या. 28 तारखेच्या रात्री निम्म्या नौका समुद्रात असतील. त्या पहाटे बंदराला लागतात आणि माल उतरवून, बर्फ-डिझेल भरून पुन्हा निघतात. पथकाने रात्री न येता पहाटे लिलावाच्या वेळी यावे. सगळे खलाशी तेव्हा एका जागी सापडतात. नौकामालकांच्या सोसायट्यांकडे खलाशांची नावे आणि ओळखपत्रांची नोंद असते, तीही पडताळायला मिळेल. आमच्या सोसायटीत मी हा विषय पुढच्या सभेला मांडतो.

गोळपचा बागायतदार

आमच्या भागातल्या बागांची यादी मी करायला घेतो. खोपीत किती माणसे आहेत हे डिसेंबरअखेर ठरलेले असते, त्यामुळे जानेवारीत ती देता येईल.